गटारीच्या कोंबड्यांना हळद-लसूण आत्तापासूनच

आषाढ लागला की मुरबाड, शहापूर, भिवंडीकडच्या शेडमध्ये ओल आणि गटारीची मागणी एकदमच येते. पक्षी शिंकायला, घरघरायला लागले की लॉट हातचा जाईल या धास्तीने शेवटच्या आठवड्यात पाण्यातून अँटिबायोटिक सोडलं जातं. विक्रीआधी किती दिवस औषध बंद ठेवायचं हे बाटलीवर लिहिलेलं असतं. गटारीच्या घाईत ते कोण बघतो? अंश मांसात उतरतो. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर तर २०१९ पासून बंदी आहे. जुना डबा उरला असेल तरी हात लावू नका.

वनस्पतींचा उपयोग पक्षी धडधाकट असतानाच. ज्येष्ठाच्या उत्तरार्धात टाकलेली पिल्लं आता दुसऱ्या आठवड्यात असतील, त्यांना हळद सुरू करा. १०० किलो खाद्याला अर्धा किलो पुरते. पण थेट ढिगावर टाकली तर कुणाला मिळते, कुणाला नाही. आधी चार-पाच किलो भरड्यात कालवा, थोडं तेल आणि चिमूटभर मिरपूड घाला, मग सगळ्या खाद्यात मिसळा. तेल-मिरीमुळे हळद अंगी लागते. सुटी पूड घेऊ नका, तिला रंग लावलेला असू शकतो. हळकुंडं आणून दळून घ्या.

लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवावा, म्हणजे त्यातला तिखट घटक तयार होतो. लसूण मिसळलेलं खाद्य त्याच दिवशी संपवा. अंड्यांच्या कोंबड्यांना सावलीत वाळवलेला शेवग्याचा पाला खाद्याच्या पाच टक्क्यांपर्यंत चालतो, बलकही पिवळाधमक होतो. कडुलिंब मात्र जपून, कडवटपणाने पक्षी खाणं कमी करतात. काढे निपलच्या, म्हणजे पक्षी चोचीने पाणी पितात त्या तोट्यांच्या, पाइपात ओतू नका; गाळ बसतो, आत बुळबुळीत थर धरतो.

आणि शेडमध्ये अंथरलेली तुसाची गादी ओली असेल तर हे सगळं पाण्यात गेलं म्हणा. भाताचं तूस मुठीत दाबा. गोळा झाला तर तेवढा भाग काढून कोरडं टाका. ओलीतच रक्ती हगवणीचे जंतू जोर धरतात. शेडमध्ये उकिडवं बसून पिल्लांच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया साचलाय. पावसाला भिऊन पडदे पूर्ण बंद करण्याची आपल्याकडची सवयच त्याला कारण आहे. वरची फट उघडी हवी. मक्यालाही बुरशी बघा, ओलावा १३ टक्क्यांच्या आत असावा.

लासोटा (राणीखेत रोगाची लस) आणि गंबोरो रोगाची लस ठरल्या दिवशीच द्यायच्या, हळदीने त्या टळत नाहीत. पाण्यातून लस असेल त्या दिवशी त्यात ना काढा, ना टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पूड). क्लोरीनने लस मरते.

रक्ती हगवण दिसली किंवा घरघर वाढली, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. पशुवैद्यकांना दाखवा, त्यांनी औषध दिलं तर पूर्ण द्या आणि विक्री पुढे ढकला, गटारी हुकली तरी. अचानक मर लागली तर मेलेले पक्षी ओढ्यात टाकू नका, विकूही नका. शहापूरजवळच्या वेहळोलीत २०२२ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू निघाला होता. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.