जुन्या कॉम्प्युटरमधला डेटा नव्यात घ्यायचाय? पेनड्राईव्हच्या नादाला लागू नका

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतले नंदीध्वजाचे व्हिडिओ, लग्नाचं शूटिंग, असलं मोठं काही असेल तर पेनड्राईव्हवर बऱ्याचदा फाईल जातच नाही, कारण तो फॅट३२ (फाईली साठवायची जुनी पद्धत) असला की ४ जीबीची एक फाईलसुद्धा घेत नाही, मग जागा कितीबी मोकळी असू दे. त्यापेक्षा नवी पेठेतनं एक लॅन केबल (नेटवर्कची तार) आणा, कॅट ५ई प्रकारची घ्या, आणि दोन्ही कॉम्प्युटर सरळ एकमेकांना जोडा, मधे राउटर नसला तरी चालतंय, क्रॉसओव्हर केबलची (आतल्या तारा उलटसुलट जोडलेल्या खास केबलची) भानगड आता राहिलेली नाही. जुन्या मशीनवर फोल्डरला राईट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, आणि नेटवर्क प्रायव्हेटवर ठेवा, पब्लिकवर असलं की दुसऱ्याला दिसतच नाही, निम्मे लोक इथंच अडकतात बघा. तरी दिसेना तर नव्या कॉम्प्युटरवर कुठलंही फोल्डर उघडून वरच्या ॲड्रेस बारमधे दोन बॅकस्लॅश देऊन जुन्या कॉम्प्युटरचं नाव टाईप करा.

दोन्हीकडं गिगाबिट (१००० एमबीपीएसचं) नेटवर्क कार्ड असेल तर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास स्पीड मिळतो. ११ एमबीवरच अडकला तर एखादं कार्ड जुनं १०० एमबीपीएसचं (मेगाबिटचं, मेगाबाईटचं नव्हे) असेल, नाहीतर केबल बदलून बघा, आठातली एक तार जरी तुटली तरी असं होऊ शकतं. आणि कट-पेस्ट अजिबात नको हां, कॉपीच करा, मधेच लाईट गेली तर ओरिजिनल तरी जाग्यावर राहतंय.