जमैकाला पिंप पाठवायचं असेल तर

टोरांटोत एग्लिंटन वेस्टजवळ तळघरातली खोली भाड्याने घेतली, तेव्हा भाड्यात एक काम न सांगताच धरलेलं होतं. दर वर्षी पिंप भरायला हात लावायचा, म्हणजे जमैकातल्या घरच्यांसाठी सामान भरून जहाजाने पाठवायचं ते मोठं पिंप. घरमालकीण ऐंशीच्या पुढच्या, जमैकाच्या सेंट एलिझाबेथ परगण्यातल्या, दक्षिणेकडच्या एका खेड्यातल्या. लाल माती, पाऊस कमी, शेतात कांद्याची पात आणि कलिंगडं. सगळी गल्ली त्यांना आंटी म्हणते, मीही म्हणतो. सहा पिंपं त्यांच्या देखरेखीखाली भरली. पद्धत त्यांची, पाठदुखी माझी.

पिंप दोन प्रकारचं मिळतं, पुठ्ठ्याचं आणि प्लास्टिकचं. प्लास्टिकचं घ्या. का, ते पुढे येईल. आधी वापरलेलं स्वस्तात मिळत असेल तर झाकण उघडून नाक आत घाला. लोणच्याचा किंवा रसायनाचा वास आला तर चालायला लागा.

भरायला सुरुवात उन्हाळ्यातच करायची. जहाजाला, गोदीला आणि कस्टमला मिळून आंटी सहा आठवडे धरतात, म्हणजे नाताळासाठी पिंप ऑक्टोबरअखेर घराबाहेर पडलं पाहिजे. जून महिन्यापासून ते जिन्याखाली उभं असतं आणि दुकानात तांदूळ किंवा साबण स्वस्त लागला की एकेक वस्तू त्यात जाते. एकदम बाजार करून भरणारा माणूस आंटींच्या मते नवखा, नाहीतर श्रीमंत.

तळाला तांदूळ. त्यावर डबे: कॉर्न्ड बीफ, मॅकरेल मासा, दुधाची पावडर. तेलाच्या बाटल्या उभ्याच ठेवायच्या. बूच चिकटपट्टीने गुंडाळायचं, मग प्रत्येक बाटली दोन पिशव्यांत. यात आळस केला आणि एक बाटली फुटली, की शाळेच्या वह्यांपासून चादरीपर्यंत सगळं तळून निघतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: साबण आणि धुण्याची पावडर तांदळाजवळ ठेवायची नाही. उन्हात तापलेल्या पिंपात सहा आठवडे शेजार झाला की तांदूळ साबणाचा वास धरतो, कितीही धुतला तरी भातातून फेस येतोय असं वाटतं. पहिल्या वर्षी ही चूक मीच केली. तिकडून फोन आला, आंटींनी स्पीकर चालू केला आणि मला ऐकायला बसवलं. तेव्हापासून साबण वर, टॉवेलात गुंडाळून, टॉवेल पिशवीत.

पोकळी ठेवायची नाही. बुटांत मोजे, मोज्यांत टूथपेस्ट, पातेल्यात वाट्या, वाट्यांत पेन्सिली. अधूनमधून पिंप दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचं म्हणजे माल खाली बसतो. कपडे आले की त्यावर एखादं पोर उभं करून तुडवून घ्यायचं. आमच्याकडे पोर नाही, तेव्हा स्टूल लावून मी चढतो.

बुटांचं माप फोनवर विचारू नका. आंटींच्या आई तिकडे नातीचा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायच्या आणि तो कागद पाकिटातून पाठवायच्या. कागद यायला वेळ, पिंप जायला वेळ, तोवर पाय वाढलेला. म्हणून आंटी एक अंगठा जास्त धरून बूट घ्यायच्या. ते कागद अजून बिस्किटांच्या डब्यात आहेत, एकावर एक.

इथे थोडं थांबतो. १९५५ मध्ये कॅनडाने वेस्ट इंडीजमधल्या बायकांना घरकामासाठी आणायची योजना काढली. वय १८ ते ३५, लग्न झालेलं नको, मूलबाळ नको. एक वर्ष कुणाच्या तरी घरी राबलं की इथे कायमचं राहता यायचं. आंटी १९६६ मध्ये आल्या. अर्जावर मूल नाही असं लिहिलं होतं. मूल होतं, दोन वर्षांचं, आजीच्या ओटीत घातलेलं. पुढे १९७७ मध्ये मुलं लपवली म्हणून सात जमैकन बायकांना देशाबाहेर काढायचा हुकूम निघाला. त्या लढल्या, १९७९ मध्ये त्यांना राहू दिलं. ती दोन वर्षं आंटींच्या कुठल्याही यादीवर मुलीचं नाव नव्हतं. पिंप आंटींच्या आईच्या नावाने जायचं, आत कपडे तेरा-चौदा वर्षांच्या पोरीच्या मापाचे.

आई परदेशात आणि घरी पिंप येतं, अशा मुलांना वेस्ट इंडीज विद्यापीठातल्या क्लॉडेट क्रॉफर्ड-ब्राऊन यांनी ‘बॅरल चिल्ड्रन’, म्हणजे पिंपाची मुलं, असं नाव दिलं. आंटींना ते अजिबात आवडत नाही. “पिंपाने नाही वाढवलं तिला. माझ्या आईने वाढवलं.”

काय घालू नये: काडेपेट्या, रंग, फवाऱ्याचे डबे, कसलंही इंधन. पैसे तर मुळीच नाहीत, ते वेगळे पाठवायचे. बी-बियाणं, सुकवलेली पानं-फुलंही नकोत. नाताळात तिकडे सॉरेल पितात. सॉरेल म्हणजे आपली लाल अंबाडी, तिची लाल बोंडं आलं घालून उकळतात. मी एकदा हौसेने पाकीट आणून टाकलं. आंटींनी काढून माझ्या हातात दिलं. “समुद्रात मीठ टाकतोस?”

एका वर्षी मात्र नाताळाची यादीच बाजूला राहिली. २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा चक्रीवादळ नैर्ऋत्य जमैकावर आदळलं, सेंट एलिझाबेथची दैना झाली. त्याच्या आधीच्या वर्षी, जुलैत, बेरिल येऊन गेलंच होतं. भरलेलं पिंप आंटींनी माझ्याकडून रिकामं करून घेतलं. खेळणी आणि केकचे साचे बाहेर, ताडपत्री, खिळे, टॉर्च, दोर आत. तांदूळ तेवढा राहिला.

यादी दोन प्रतींत करा, एक झाकणाखाली, एक स्वतःजवळ. “घरगुती सामान” असं मोघम लिहू नका, किती नग ते लिहा. घेणाऱ्याचं नाव ओळखपत्रावर असेल तसंच्या तसं हवं. सोडवायला जाणाऱ्याकडे ओळखपत्र आणि कराचा नंबर, म्हणजे टीआरएन, लागतो. जमैकात प्रत्येकाला लाडाचं नाव असतं आणि गाव त्याच नावाने ओळखतं. आंटींनी एकदा सवयीने भाच्याचं तेच नाव घातलं. किंग्स्टनच्या गोदीवर त्याला कोण ओळखणार? खेड्यातून दोन खेपा झाल्या, गाडीभाडं वर.

नाव जाड मार्करने झाकणावर आणि दोन बाजूंना लिहा, वर पारदर्शक पट्टी लावा. न्यायला माणूस येईल तेव्हा पावती हातात पडल्याशिवाय पिंप दारातून हलू द्यायचं नाही. पायऱ्यांवर तो एकटा उचलतो म्हणाला तरी तुम्ही खालून धरा.

शेवटी झाकण. लोखंडी कडं बसवून कुलूप लावतात. कडं घट्ट बसत नाही म्हणून हातोडीने ठोकू नका, झाकणाची कड चिरते. दक्षिण सेंट एलिझाबेथमध्ये पाण्याची कायम ओढ. रिकामं झालेलं पिंप पन्हळीखाली जातं, तळापासून चार बोटं वर भोक पाडून त्याला तोटी बसवतात आणि डास होऊ नयेत म्हणून तेच झाकण वर लागतं.