अंगणात काळं अस्वल? या चुका टाळा

लहानपणी ऐकलेली ती गोष्ट आठवते? दोन मित्रांसमोर अस्वल येतं, एक झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून मेल्यासारखा पडून राहतो. न्यू जर्सीच्या उत्तर भागात राहायला आल्यावर कळलं, की इथल्या काळ्या अस्वलापुढे दोघांचंही चुकलं असतं. हा गडी आपल्यापेक्षा सराईतपणे झाडावर चढतो. आणि खरोखर अंगावर आलाच, तर निपचित पडायचं नसतं, हाताला लागेल त्याने प्रतिकार करायचा असतो. मेल्याचं सोंग ग्रिझली नावाच्या दुसऱ्या जातीच्या अस्वलापुढे. ग्रिझली इथे नाहीत.

पण तशी वेळ क्वचितच येते. खरी चूक त्याच्या कितीतरी आधी, आपल्याच घरी झालेली असते.

कचरा रात्रीच बाहेर ठेवणं

ही माझी स्वतःची चूक. पहाटे उठायचा कंटाळा, म्हणून आदल्या रात्रीच डबा रस्त्याकडेला ठेवला. आत आमरसाचे रिकामे डबे आणि श्रीखंडाचं न धुतलेलं भांडं. सकाळी ड्राइव्हवेभर पसारा, आणि पत्र्याच्या डब्यांना दातांची भोकं! आता डबे धुऊन टाकते, मटणाची हाडं आणि माशांचे काटे कचऱ्याच्या दिवसापर्यंत फ्रीझरमध्ये ठेवते. डबा सकाळीच बाहेर जातो.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते दिवाळीच्या सुमाराला. थंडीत झोपी जाण्याआधी चरबी साठवायची म्हणून शरद ऋतूत अस्वल दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खाऊ शकतं आणि त्यासाठी वीस-वीस तास हिंडतं. नेमक्या त्याच दिवसांत आपण चकल्या तळलेलं तेल डेकवर गार करत ठेवतो. बर्ड फीडरही तसाच: सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया किलोभर म्हणजे सुमारे ५,८०० कॅलरी, त्याही झाडाला टांगून वाढलेल्या. अस्वलं झोपतील तेव्हाच, ऐन हिवाळ्यात तो लावा. ग्रिल मात्र बाराही महिने घासून ठेवायचं. ‘बिचारं भुकेलं असेल’ म्हणून पोळी टाकणाऱ्यांसाठी एवढंच: न्यू जर्सीत अस्वलाला मुद्दाम खायला घालणं बेकायदा आहे, दंड १,००० डॉलरपर्यंत.

पळणं

सप्टेंबर २०१४ मध्ये वेस्ट मिलफर्डच्या जंगलात फिरायला गेलेल्या पाच मित्रांपैकी एकाचा अस्वलाने जीव घेतला. राज्यात नोंद झालेली अशी ती पहिलीच घटना. अस्वल दिसल्यावर त्यांनी आधी फोटो काढले होते. ते मागे येऊ लागलं, तसे सगळे वेगवेगळ्या दिशांना पळाले. काळं अस्वल ताशी जवळजवळ ५० किलोमीटर वेगाने धावतं, त्याच्याशी शर्यत लावण्यात अर्थ नाही. एकत्र थांबा, हात वर करून मोठे दिसा, मोठ्याने बोला (मराठीतही चालतं), नजरेला नजर न भिडवता हळूहळू मागे सरका. ते मागच्या पायांवर उभं राहिलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा फक्त वास घेत असतं. फुरफुरणं, जमिनीवर पंजा आपटणं म्हणजे ‘लांब हो’.

रंगावरूनही जाऊ नका. काळं अस्वल तपकिरी असू शकतं, दालचिनीच्या रंगाचंही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गेलात तर खांद्यावरचा उंचवटा पाहा. तो ग्रिझलीला असतो, याला नसतो. आपलं ताडोबा-मेळघाटचं अस्वल तर तिसरंच. ते वाळवी आणि मोहफुलांवर जगतं, हिवाळी झोप घेत नाही.

एकट्या पिल्लाला ‘वाचवणं’

झाडावर एकटं पिल्लू दिसलं तर आई जवळपास असतेच, तिनेच त्याला वर चढवलेलं असतं. तिथून निघा, शंका वाटली तर वन्यजीव विभागाला फोन करा. माणसाच्या हातून खायला शिकलेल्या पिल्लाचं पुढचं आयुष्य बहुधा पिंजऱ्यात जातं. १९५० साली न्यू मेक्सिकोच्या वणव्यात भाजलेलं ‘स्मोकी’ हे पिल्लू वाचवावंच लागलं, पण १९७६ मध्ये मरेपर्यंत ते वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातच राहिलं. प्रसिद्धी एवढी, की पत्रांसाठी त्याला स्वतंत्र पिनकोड होता.

प्राणिसंग्रहालयातली चूक मुलं करतात, पण शिकवलेली आपणच: बिस्किटं फेकणं. जंगलात दिवसभर शोधून मिळणारं अन्न इथे पाच मिनिटांत संपतं, मग कंटाळलेलं अस्वल एकाच रेषेत येरझाऱ्या घालत राहतं. म्हणून रखवालदार ओंडक्यांत, दगडांखाली खाणं लपवतात, हुंगून शोधायला लावतात. आपलं बिस्किट त्या मेहनतीवर पाणी फिरवतं, वर अस्वल लठ्ठ होतं ते वेगळंच. आणि जानेवारीत गेलात नि अस्वल कोपऱ्यात मुटकुळं करून पडलेलं दिसलं, तर काचेवर टकटक करू नका. झोपलंय ते.