सिंहपुच्छ माकडांच्या टोळीतील जन्मांची नोंद कशी ठेवावी

सिंहपुच्छ माकड जगात फक्त पश्चिम घाटात आढळते, आणि तेही कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या राज्यांतील सदाहरित जंगलांच्या तुकड्यांत. निसर्गात उरलेल्या माकडांची संख्या सुमारे चार हजार असल्याचा अंदाज आहे. या प्राण्याची खरी अडचण त्याच्या प्रजननाच्या संथ गतीत आहे. निसर्गातील मादीला पहिले पिल्लू साधारण साडेसहा वर्षांच्या वयात होते आणि त्यानंतर दोन पिल्लांमध्ये सुमारे अडीच ते तीन वर्षांचे अंतर पडते. मादी वीस वर्षे जगली असे धरले तरी तिच्या वाट्याला फार तर पाच-सहा बाळंतपणे येतात. म्हणूनच ‘टोळीत पंधरा माकडे दिसली’ एवढ्या नोंदीतून फारसे काही कळत नाही. कोणत्या मादीला कधी पिल्लू झाले आणि ते जगले का, हे लिहिले तरच ती नोंद उपयोगी पडते. अशी नोंद ठेवण्याची पद्धत पुढे दिली आहे.

प्रथम ओळख पक्की करावी. मराठीत आपण लांब शेपटीच्या, काळ्या तोंडाच्या प्राण्याला वानर म्हणतो आणि आखूड अंगाच्या, गालात अन्न साठवणाऱ्याला माकड. सिंहपुच्छ या दुसऱ्या गटातले आहे. सर्वांग काळे, चेहऱ्याभोवती राखाडी-रुपेरी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा, ही त्याची खूण होय. त्याच जंगलात निलगिरी वानरही राहते आणि तेही काळेच असते. नवखा निरीक्षक येथेच चुकतो. निलगिरी वानराचे डोके तपकिरी-पिवळसर असते, शेपटी अंगापेक्षा लांब व गोंड्याविना असते, आणि आयाळ नसते. कानडीत सिंहपुच्छाला ‘सिंगळीक’ आणि तमिळमध्ये ‘सोलै मंदी’ म्हणतात. वाटाड्याशी बोलताना हेच शब्द वापरावेत.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यास सर्वांत जवळचा प्रदेश म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिर्सी-होन्नावरचे जंगल, जेथे 2011 मध्ये अघनाशिनी सिंहपुच्छ माकड संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. तेथील टोळ्या मात्र बुजऱ्या आहेत आणि उंच झाडांवरून फारशा उतरत नाहीत. पहिल्या वर्षाच्या सरावासाठी तमिळनाडूतील वालपारै अधिक सोयीचे पडते, असे माझे मत आहे. पोल्लाचीहून चाळीस वळणांचा घाट चढून गेल्यावर चहाच्या मळ्यांमध्ये जंगलाचे तुकडे लागतात, आणि पुदुतोट्टम परिसरातील टोळ्या माणसाला सरावलेल्या असल्यामुळे रस्त्यावरूनही नीट दिसतात. राखीव जंगलात शिरण्यापूर्वी वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी. हे माकड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला खाऊ घालू नये, फार जवळ जाऊ नये, आणि सर्दी-ताप असताना टोळीकडे मुळीच फिरकू नये, कारण माणसाचे आजार माकडांना लागतात.

सोबत दुर्बीण, पेन्सिल, पाण्याने न भिजणारी नोंदवही आणि पावसाळ्यात जळवांसाठी घट्ट विणीचे लांब मोजे असावेत. टोळी सकाळी लवकर खाण्यासाठी हलते, म्हणून उजाडताना झाडाखाली पोहोचलेले बरे. दक्षिणेकडील जंगलात कुलेनिया नावाचे झाड शोधावे. त्याची फुले खोडाला आणि जाड फांद्यांनाच लागतात, फळ काटेरी असते, आणि फुलांच्या दिवसांत टोळी त्याच झाडावर पुन्हा पुन्हा येते. उत्तर कन्नडमध्ये हे झाड नाही. तेथे उंबरवर्गीय झाडे आणि ‘उप्पगे’, म्हणजे आपल्या कोकमाचाच एक भाऊबंद, यांवर लक्ष ठेवावे. उप्पगेच्या फळांची साल गावकरीही गोळा करतात, त्यामुळे फळांचा हंगाम सुरू झाल्यावर माणूस आणि माकड एकाच झाडाखाली येतात. झाडावर कोण कोण आले याचीही नोंद करावी.

मोजणीसाठी टोळी झाडांत पसरलेली असताना धडपडू नये. ती जेथे एका रांगेत जाते अशी जागा हेरावी. वालपारैच्या रस्त्यांवर झाडांना जोडणारे, अग्निशमनाच्या जुन्या नळीपासून केलेले झुलते पूल बांधले आहेत. अशा पुलाखाली मी एका सकाळी उभा होतो. पुढचा नर अर्ध्यावर थांबला, त्याने खाली पाहिले आणि पलीकडे गेला. मग माद्या एकेक करून आल्या. तिसऱ्या मादीच्या पोटाला काही तरी लटकले होते, ते मी आधी पानांची जुडी समजलो, आणि ती नळीवर वळली तेव्हा त्या काळ्या जुडीतून एक फिकट गुलाबी चेहरा बाहेर आला. त्या दिवशी एकाच जागेवरून मिळालेली मोजणी आधीच्या तीन दिवसांच्या मोजणीपेक्षा खरी होती, कारण झाडांत मी दोन माद्या दोनदा मोजल्या होत्या.

टोळीत बहुधा दहा ते वीस माकडे असतात, पूर्ण वाढीचा नर बहुतेकदा एकच, क्वचित दोन-तीन, आणि बाकी माद्या व त्यांची पोरे. माद्या जन्मभर त्याच टोळीत राहतात, नर मात्र वयात येताना बाहेर पडतात. त्यामुळे वहीचे प्रत्येक पान एका मादीचे करावे. ओळखीसाठी कानाची चीर, ओठावरचा व्रण, वाकडे बोट, गोंड्याचा आकार या खुणा रेखाटून ठेवाव्यात. नुसते वर्णन दोन महिन्यांनी निरुपयोगी ठरते. आधी पिल्लू झालेल्या मादीची स्तनाग्रे लांबट असतात, त्यावरून ती पहिलटकरीण आहे की नाही हे ठरवता येते.

वयात आलेल्या मादीच्या शेपटीच्या मुळाशी ऋतुचक्राच्या काळात लालसर गुलाबी सूज येते. तरुण माद्यांमध्ये ती विशेष ठळक असते. सूज दिसली की तारीख, तिचे प्रमाण (नाही, थोडी, पूर्ण), नर त्या मादीच्या मागे राहतो का, आणि समागम दिसला का, एवढे लिहावे. सूज पाहून ‘जखम झाली’ असे वनरक्षकाला सांगणारे पर्यटक पुष्कळ भेटतात. त्यांना शांतपणे समजावून सांगावे.

गर्भकाळ सुमारे 170 दिवसांचा असतो आणि एका वेळी एकच पिल्लू होते. समजा 10 मार्चच्या सुमारास जन्म झाला, तर मागे मोजल्यावर गर्भधारणा 21 सप्टेंबरच्या आसपासची ठरते. त्या आठवड्यातील सुजेची नोंद वहीत सापडली, तर तुमची मादीची ओळख बरोबर आहे असे समजावे. सापडली नाही, तर रेखाटने पुन्हा तपासावीत. जन्माची तारीख सहसा हुकते, म्हणून पिल्लाच्या रूपावरून वय बांधावे. नवजात पिल्लाचा चेहरा फिकट असतो आणि त्याला आयाळ नसते. पहिले दिवस ते आईच्या पोटाला चिकटून असते. पुढे चेहरा काळवंडतो, आयाळीची राखाडी झालर उगवते, आणि पिल्लू आईपासून हातभर अंतरावर जाऊन परत येऊ लागते. जन्माची तारीख एकच न लिहिता ‘या दिवसापूर्वी नव्हते, या दिवशी होते’ अशा दोन तारखा लिहाव्यात.

वर्षअखेरीस साधा हिशेब करावा. टोळीत सहा प्रौढ माद्या दोन वर्षे पाहिल्या आणि चार जन्म नोंदवले, तर चार भागिले बारा, म्हणजे दर मादीमागे वर्षाला 0.33 जन्म. हा आकडा दर तीन वर्षांना एक पिल्लू असा वाचावा. त्याच्या शेजारी पहिले वर्ष पुरे केलेली पिल्ले वेगळी मांडावीत, कारण रस्ता, विजेच्या तारा आणि कुत्री यांचा परिणाम त्याच रकान्यात उमटतो.

एखादे माकड दिसेनासे झाले, तर नर व मादी यांच्यात फरक करावा. तरुण नर नाहीसा झाला तर ‘टोळी सोडली असावी’ असे लिहून शेजारच्या टोळ्यांत त्याच्या खुणा शोधाव्यात. प्रौढ मादी सलग अनेक फेऱ्यांत दिसली नाही, तर मात्र ती मेली असे धरावे, तिचे पान फाडून न टाकता शेवटची तारीख लिहून बंद करावे, आणि तिच्या पिल्लाचे पुढे काय झाले ते त्याच पानाच्या मागील बाजूस लिहीत राहावे.