मायनिंगमधून आलेल्या आरएक्स ५८० मध्ये ओरिजिनल बायोस परत कसा टाकायचा

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोकरन्सीचं ग्राफिक कार्डांवर होणारं मायनिंग बंद झालं आणि मायनिंगवाल्यांनी रॅकच्या रॅक ग्राफिक कार्डं विकायला काढली. लॅमिंग्टन रोडपासून ओएलएक्सपर्यंत स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच आरएक्स ५८० (एएमडीचं ग्राफिक कार्ड) त्याच लॉटमधल्या. कार्ड वाईट असतंच असं नाही, पण आतलं फर्मवेअर म्हणजे व्हिडिओ बायोस बदललेला असतो, मेमरीचे टायमिंग घट्ट केलेले आणि कोअर क्लॉक खाली आणलेला. मायनिंगला हे झकास, पण आपल्याकडे लावलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि बऱ्याचदा कोड ४३, कारण एएमडीचा ड्रायव्हर बायोसची डिजिटल सही तपासतो आणि छेडछाड दिसली की कार्ड चालूच करत नाही. काही जणांना मदरबोर्डमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सेटिंग) चालू केल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसतच नाही, त्याचंही कारण हेच.

यातलं काहीच होत नसेल आणि कार्ड मस्त चालत असेल तर हात लावू नका. नवीन व्हर्जन दिसलं म्हणून ग्राफिक कार्डचा बायोस बदलायचा नसतो, ठरावीक त्रास असेल आणि तो बायोसमुळेच असेल तरच. एनव्हिडियाच्या कार्डवाल्यांनी तर कंपनीने स्वतः टूल दिलं असेल तेव्हाच अपडेट करावं, जसं २०२१ मध्ये आरटीएक्स ३०७०, ३०८० वगैरेंना रिसाइझेबल बारसाठी (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) दिलं होतं, ते चालवायचं आणि विषय संपला. लॅपटॉपवाल्यांनी लॅपटॉप कंपनीच्या साइटवर जे असेल तेवढंच.

आता आपलं आरएक्स ५८०. सगळ्यात आधी कार्डच्या वरच्या कडेला बारीक स्विच आहे का ते बघा, सॅफायर नायट्रो प्लससारख्या मॉडेल्सवर असतं. हे ड्युअल बायोसचं स्विच, आत दोन वेगळे बायोस असतात आणि मायनिंगवाल्याने बऱ्याचदा एकच बदललेला असतो. पीसी पूर्ण बंद करा, मागचं बटण पण बंद, स्विच दुसऱ्या बाजूला सरकवा, परत चालू करा. ड्रायव्हर नीट बसला तर काम झालं, पुढचं वाचायची पण गरज नाही.

नाही झालं तर जीपीयू-झेड हे कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उतरवा, फुकट आहे. त्यात चार गोष्टी बघून स्क्रीनशॉट काढा: सबव्हेंडर म्हणजे कार्ड कोणत्या कंपनीचं, शेडर (कार्डमधले हिशोब करणारे छोटे कोअर) किती, मेमरी ४ जीबी की ८ जीबी, आणि मेमरी टाइपपुढे कंसात चिप कोणाच्या, सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन की एल्पिडा. शेडर २३०४ असायला हवेत. २०४८ दिसले तर विकणाऱ्याने काहीही सांगितलं असू दे, ते २०४८एसपीवालं मॉडेल किंवा सरळ ५७० आहे, आणि बायोस बदलून शेडर वाढतील या आशेवर राहू नका. कार्डच्या मागच्या स्टिकरचा पण फोटो काढून ठेवा, मॉडेल नंबर तिथेच असतो.

मग बॅकअप, आणि हे अजिबात टाळायचं नाही. जीपीयू-झेडमध्ये बायोस व्हर्जनच्या शेजारी छोटा बाण आहे, त्यावर क्लिक करून फाइलमध्ये सेव्ह करा. फाइल शून्य केबीची तर नाही ना ते बघा आणि पेन ड्राइव्हवर पण कॉपी ठेवा, त्याच पीसीच्या हार्ड डिस्कवर ठेवलेला बॅकअप स्क्रीन काळी झाल्यावर काय कामाचा? बायोस बदललेला असला तरी तो निदान डिस्प्ले देतोय, म्हणून जपायचा.

ओरिजिनल फाइल टेकपॉवरअप या वेबसाइटच्या बायोस कलेक्शनमध्ये मिळते. कंपनी, मॉडेल, मेमरीचा साइज जुळवा आणि पान उघडून मेमरी सपोर्टच्या यादीत आपल्या चिपचं नाव आहे का ते बघा. बहुतेक लोक इथेच घाई करतात, हायनिक्सच्या कार्डात फक्त सॅमसंगवाला बायोस टाकतात आणि मग स्क्रीनवर ठिपके-पट्टे नाहीतर काहीच नाही. अनव्हेरिफाइड लिहिलेल्या फाइली सोडून द्या.

फ्लॅश करायच्या, म्हणजे बायोस कार्डात लिहायच्या आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर तो सस्पेंड करा, नाहीतर रीस्टार्टनंतर रिकव्हरी की मागत बसू शकतो. लाइटीचा भरवसा नसेल तर पीसी यूपीएसवर घ्या, घरातला इन्व्हर्टर स्विच होताना पीसी रीस्टार्ट होतो की नाही हे आधीच माहीत असेल तर ठीक, नाहीतर पावसाळ्याच्या संध्याकाळी हा उद्योग नको. एएमडी व्हीबीफ्लॅश हे बायोस लिहिणारं टूल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, वर आपलं कार्ड निवडलंय ना बघा, लोड इमेजमधून नवी फाइल घ्या आणि प्रोग्राम दाबा. मधेच विंडो अडकल्यासारखी वाटली, नॉट रिस्पॉन्डिंग आलं तरी काही दाबायचं नाही, हात बाजूला ठेवून बसायचं, मेसेज आला की रीस्टार्ट. नंतर डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या टूलने जुना ड्रायव्हर साफ करून एएमडीच्या साइटवरचा टाका, कारण मायनिंगच्या बायोससाठी कोणी ड्रायव्हर पॅच केला असेल तर तो पण जायला हवा. एखादा जड गेम अर्धा तास चालवून तापमान आणि पिक्चर बघा.

आणि स्क्रीन काळीच राहिली तर? स्विचवालं कार्ड असेल तर चालणाऱ्या बायोसच्या बाजूला स्विच करून विंडोज उघडा, मग पीसी चालू असतानाच स्विच बिघडलेल्या बाजूला सरकवा आणि बॅकअप फ्लॅश करा. चालतं, कारण बूट होताना बायोस एकदा वाचून झालेला असतो. स्विच नसेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावा, पण प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स हवं, इंटेलचं नाव एफने संपत असेल किंवा रायझन ५६०० असेल तर ते नसतं, मग कोणाकडून तरी जुनं कार्ड मागून आणा. असा डिस्प्ले आला की विंडोज उघडून बॅकअप फ्लॅश करा. तिथूनही टूलला कार्ड दिसलं नाही तर शेवटचा उपाय म्हणजे आठ पायांच्या बायोस चिपला क्लिप लावून प्रोग्रामरने लिहिणं. सवय नसेल तर ते घरी करू नका, कार्ड रिपेअरवाला करून देतो, फक्त जाताना तो पेन ड्राइव्ह घेऊन जा.