हाताने बदललेला जनरेटेड कोड गिटमध्ये कसा सांभाळावा

इंदूरच्या क्लॉथ मार्केटमधील व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर करणारी एक छोटी टीम आहे असे समजा. जनरेटरने (एपीआयच्या, म्हणजे सॉफ्टवेअरांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या, वर्णनावरून आपोआप कोड लिहून देणाऱ्या साधनाने) तयार केलेल्या ‘ग्राहक’ या क्लासमध्ये टीमने जीएसटी क्रमांकाची तपासणी हाताने घातली: अंक-अक्षरे मिळून 15 असावीत आणि नोंदणी मध्य प्रदेशातील असल्यास सुरुवात 23 ने व्हावी. पुढे एपीआयच्या वर्णनात एक फील्ड वाढले, जनरेटर पुन्हा चालवला आणि तपासणी पुसली गेली.

अशा फाइलला शक्यतो हातच लावू नये. आपला कोड वारसा घेणाऱ्या क्लासमध्ये किंवा सी शार्प भाषेत पार्शल क्लासमध्ये (एकच क्लास अनेक फाइलींत विभागण्याची सोय) ठेवावा. ते जमत नसेल तरच गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) पुढचा खटाटोप करावा.

जनरेटरचा कोड प्रथमच कमिट केल्यावर (गिटमध्ये नोंदवल्यावर), हात लावण्यापूर्वी, तेथूनच ‘निर्मित’ नावाची ब्रांच, म्हणजे बदलांची वेगळी शाखा, काढावी. या ब्रांचवर जनरेटेड फोल्डर कायम जनरेटरने दिला तसाच राहील. हाताचे बदल फक्त ‘मेन’ या मुख्य ब्रांचवर होतील. कोड नव्याने काढायचा झाला की ‘निर्मित’वर जावे, फोल्डरमधील जुन्या फाइली काढून टाकाव्यात (नाहीतर रद्द झालेले क्लास तसेच पडून राहतात), जनरेटर चालवावा आणि त्याची आवृत्ती कमिटच्या संदेशात लिहून कमिट करावे. मग ‘मेन’वर येऊन ‘निर्मित’ तिच्यात मर्ज करावी, म्हणजे मिसळावी. गिट दोन्ही ब्रांचची तुलना त्यांच्या सामाईक पूर्वजाशी (दोन्हींच्या इतिहासात असलेल्या शेवटच्या कमिटशी) करते, त्यामुळे एकाच जागी दोन्हीकडे बदल झाला असेल तेवढ्यापुरताच ते आपल्याला निर्णय विचारते.

येथे स्क्वॉश मर्ज (सगळे बदल एकाच साध्या कमिटमध्ये दाबून घेणे) किंवा रिबेस (एका ब्रांचचे कमिट दुसरीवर नव्याने रचणे) मुळीच करू नये. स्क्वॉशने सामाईक पूर्वज पुढे सरकत नाही आणि एकदा सोडवलेले तेच कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी झालेल्या बदलांचे झगडे) पुढच्या खेपेला पुन्हा समोर येतात; रिबेस तर इतिहासच नव्याने लिहितो. ‘मेन’ उलट ‘निर्मित’मध्ये मर्ज करणेही तितकेच घातक आहे, कारण मग तेथे हाताचे बदल शिरतात. मर्जनंतर त्या फोल्डरपुरता दोन्ही ब्रांचमधील डिफ (फरकांची यादी) पाहावा. त्यात केवळ आपले बदल दिसले पाहिजेत.

जुन्या प्रकल्पात बदल आधीच मिसळले असतील तर ‘मेन’वरून ‘निर्मित’ काढावी, सध्याचा कोड ज्या वर्णनावरून आणि जनरेटरच्या ज्या आवृत्तीने निघाला त्यांतूनच फोल्डर पुन्हा तयार करून कमिट करावा आणि ती ब्रांच ‘अवर्स’ स्ट्रॅटेजीने (मर्जची नोंद करायची, पण मजकूर आपल्याच बाजूचा ठेवायचा) ‘मेन’मध्ये मर्ज करावी. ‘मेन’मधील एकही ओळ हलत नाही, पण पूर्वजाची नोंद होते. जनरेटर फाइलींच्या माथ्यावर तारीख-वेळ छापत असेल, तर तो पर्याय मात्र त्याआधीच बंद करावा.