थोड्या खर्चात घराचे रूप आणि मोल वाढवताना कामांचा क्रम

घर विकायचे असो, भाड्याने द्यायचे असो की त्यात स्वतःच अधिक समाधानाने राहायचे असो, सुधारणा करायची ठरली की बहुतेक जण सर्वांत आधी रंगांच्या छटा पाहू लागतात. माझ्या मते सुरुवात तिथून करू नये. घर पाहायला आलेल्या माणसाच्या लक्षात भिंतीचा रंग फारसा राहत नाही; टपकणारा नळ, जमिनीला घासणारे दार आणि छताच्या कोपऱ्यातला पिवळट डाग मात्र त्याच्या नजरेतून सुटत नाहीत, आणि त्यांवरून तो न दिसणाऱ्या वायरिंगविषयी आणि पाइपांविषयीही अंदाज बांधू लागतो. म्हणून मनात शंका आणणाऱ्या जागा आधी दुरुस्त कराव्यात आणि मगच सजावटीकडे वळावे.

पहिल्या दिवशी काहीही विकत न घेता, वही हातात धरून घरात परक्यासारखे फिरावे: एकदा दिवसाउजेडी आणि एकदा रात्री, सगळे दिवे लावून. रोज पाहून डोळे इतके सरावलेले असतात की स्विचभोवतीचे काळे ठसे आपल्याला दिसेनासे होतात. त्यामुळे प्रत्येक खोलीचे मोबाइलवर फोटो काढावेत. फोटोत ते ठसे लगेच उठून दिसतात.

यादीत सर्वांत वर पाण्याशी संबंधित कामे ठेवावीत. भिंतीला ओल असेल तर ती कुठून येते हे आधी ठरवावे लागते. पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा ओलसर जागी चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर ओल भिंतीतूनच येत आहे आणि गळका पाइप, बाहेरची भेग किंवा गच्ची तपासायला हवी. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील, तर खोलीतल्या हवेतली वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन बसत आहे आणि तिथे हवा खेळती ठेवणे हाच उपाय आहे. भिंतीवर आलेली पांढरी पूड क्षारांची असते; ती कोरड्या ब्रशने झाडून काढावी, कारण पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा प्लास्टरमध्ये मुरतात. मी स्वतः एकदा हा सगळा शोध टाळून डागावरच दोन हात रंग मारला होता. काही महिन्यांतच फुगे आले, पोपडे सुटले आणि तेच काम मुळापासून पुन्हा करावे लागले.

टपकणाऱ्या नळाचे कारण बहुधा झिजलेला वॉशर असतो. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला ८६,४०० थेंब होतात, आणि पाण्याबरोबर बेसिनवर पडणारा तांबूस ओघळही वाढत जातो. बाथरूममधल्या टाइल्स बदलण्याची गरज क्वचितच असते. काळवंडलेले असतात ते त्यांच्यामधले सांधे. जुने ग्राउट, म्हणजे सांध्यांतला भराव, काही मिलिमीटर खोल खरवडून काढावे, धूळ पुसावी, नवे ग्राउट दाबून भरावे आणि ते ओलसर असतानाच स्पंजने टाइल्स पुसून घ्याव्यात. सिमेंटचे ग्राउट आणि संगमरवर यांच्यावर व्हिनेगर किंवा ॲसिड वापरू नये, कारण आम्ल दोन्हींना खाते. बेसिनच्या कडेचे सिलिकॉन सीलंट (फट बुजवणारा रबरासारखा लेप) मात्र पूर्ण काढल्याशिवाय नवे लावू नये. जुन्या सिलिकॉनवर नवे धरत नाही. दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावून मधल्या फटीत सीलंट भरावे, ओल्या बोटाने एका दमात रेघ ओढावी, ते ओले असतानाच पट्टी सोलावी आणि २४ तास तिथे पाणी पडू देऊ नये.

आता रंग. त्यातले निम्मे श्रम रंगाच्या आधीचे असतात: सुटलेला थर खरवडणे, भेगांत लांबी (पुट्टी) भरणे, पॉलिश पेपरने घासणे, धूळ पुसणे आणि प्रायमर लावणे. घर फार जुने असेल तर जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते; असा रंग तपासून घेतल्याशिवाय कोरडा घासू नये. गुळगुळीत भिंतीवर एका लिटरमध्ये साधारण १० चौरस मीटरचा एक हात होतो, त्यामुळे भिंतीची लांबी आणि उंची यांचा गुणाकार करून, दारे-खिडक्या वजा करून, दोन हातांचा हिशेब आधीच मांडावा. आधी छत, मग भिंती आणि शेवटी चौकटी असा क्रम ठेवावा. छटा फिकी आणि शांत निवडावी, कारण भडक भिंत दिसली की येणारा माणूस ती बदलण्याचा खर्च मनात किमतीतून वजा करतो. खडबडीत भिंतीला चकचकीत रंग देऊ नये. चकाकीत प्रत्येक उंचवटा दिसतो.

सगळे घर रंगवण्याइतके पैसे नसतील तर फक्त प्रवेशद्वार घ्यावे. दार खाली झुकले असेल तर वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झालेले असतात आणि ते नुसते आवळून भागत नाही, कारण लाकडातले छिद्रच मोठे झालेले असते. दाराखाली पाचर देऊन त्याचे वजन पेलावे, स्क्रू काढावेत, छिद्रात लाकडाच्या बारीक काड्या फेव्हिकॉल लावून ठासून बसवाव्यात, त्या वाळल्यावर कडेला समतल कापाव्यात आणि स्क्रू पुन्हा घट्ट बसवावेत. दार एका बोटाने लागू लागते.

स्वयंपाकघरातली कपाटे बदलण्यापेक्षा मुठी बदलाव्यात. मात्र खरेदीआधी जुन्या मुठीच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधले अंतर मोजावे. ते बहुधा ९६ किंवा १२८ मिलिमीटर असते, आणि तेच माप घेतले तर नवी छिद्रे पाडावी लागत नाहीत. दिव्यांसाठी बैठकीत आणि शयनकक्षात २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप) पिवळसर प्रकाश आणि ओट्यावर सुमारे ४००० केल्विनचा पांढरा प्रकाश ठेवावा. एकाच खोलीत दोन छटा मिसळू नयेत. त्याआधी काचा आणि दिव्यांची झाकणे धुवावीत, त्याला काहीच खर्च नाही.

वायरिंगचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे, आणि अभियंत्याला विचारल्याशिवाय कोणतीही भिंत पाडू नये. काम संपल्यावर रंगाच्या डब्यावरचा छटेचा क्रमांक, गळती काढल्याचे बिल आणि दुरुस्तीपूर्वीचे फोटो एका फाइलमध्ये ठेवावेत. छताच्या त्या कोपऱ्याविषयी कोणी विचारलेच, तर ती फाइल त्याच्या हाती देता येते.